नीळ दिलेले सारस

यादोराव रामटेकेंनी माउस आणखी बोटभर उजवीकडे सरकवला आणि पडद्यावरच्या दोन्ही सारसांना हुडहुडी भरली. धानाची हिरवी बांधी शेवाळासारखी काळपट झाली, पाण्यात कुणी दौत उपडी केल्यासारखं झालं आणि नराच्या लालभडक मानेला जांभळं खाल्लेल्या जिभेचा रंग आला. यादोरावांनी तोंड वाकडं केलं आणि माउस अजून थोडा सरकवला.

मागे कलाबाई सुपातल्या तांदळातले खडे वेचत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"अजी, हे काय करून राहिले? पाखराले मारता का?"

"नीळ देऊन राहिलो."

"तुमी?"

या एका शब्दात सहा वर्षांचा इतिहास होता. कलाबाईंना तो पाठ होता, कारण दर दिवाळीनंतर त्यांना तो ऐकावा लागे. आपल्याला थोडक्यात उरकता येईल.

गोंदियात एक पक्षीमित्र मंडळ होतं. अध्यक्ष छोटेलाल सेठ. त्यांच्याच राइस मिलच्या माडीवर मंडळाची खोली. दर नोव्हेंबरात जिल्ह्यातले हौशी लोक आपापले पक्ष्यांचे फोटो सीडीवर घालून तिथे आणून देत. त्यांतून बारा फोटो निवडले जात आणि त्यांचं कॅलेंडर छापून गावोगाव वाटलं जाई. ही निवड ज्या मॉनिटरवर व्हायची तो मिलच्या हिशेबाच्या खोलीतून निवृत्त होऊन मंडळाच्या सेवेत रुजू झाला होता. पोट सुटलेला, वर्षानुवर्षं कोंड्याची धूळ खाल्लेला. त्याच्यात निळा रंग अर्धामुर्धाच उमटायचा. हिशेबाला काळं-पांढरं पुरतं, त्यामुळे खाली ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. वर माडीवर ताडून पाहायला दुसरा मॉनिटर नव्हता, त्यामुळे तिथेही यायचं कारण नव्हतं. त्या पडद्यावर बगळा हळद लागलेल्या नवरदेवासारखा दिसे, एवढंच.

पहिल्या वर्षी सगळ्यांचे फोटो 'पिवळट' ठरले. दुसऱ्या वर्षी तिरोड्याच्या लोकेंद्र टेंभरेने काय झालं असेल ते ओळखलं आणि घरीच फोटोत निळा रंग वाढवून आणला. मंडळाच्या पडद्यावर त्याचा बगळा असा काही पांढराशुभ्र उमटला की गोवर्धन कटरे सरांनी उठून त्याची पाठ थोपटली. बातमी पसरली. धुतल्या धोतराला देतात तशी फोटोला नीळ द्यायची रीत पडली. ओळखीचे दोघं बसस्टँडवर भेटले की रामराम झाल्यावर पुढचा प्रश्न "नीळ दिली का?" हाच असे. जुनेजाणते नवशिक्यांना प्रमाण सांगत: खंड्याला बेताची, बगळ्याला सढळ हाताने.

अडचण फक्त छापखान्यात यायची. छापखान्याला बिचाऱ्याला मंडळाचा मॉनिटर कसा आहे ते माहीत नसे; तो सीडीत असेल तेच छापी, आणि कॅलेंडर निळंगार होऊन येई. मंडळ मग एकमताने छापखाना बदलत असे. गोंदियाचा झाला, भंडाऱ्याचा झाला, नागपूरचे दोन झाले. यंदा रायपूरचा ठरला होता. मॉनिटर बदलावा असं कुणी सुचवलं नाही. मॉनिटर सेठजींनी दिलेला होता. छापखाने कुणी दिलेले नव्हते.

यादोराव नीळ देत नसत. नवेगाव बांधला ते पाटबंधारे खात्यात कारकून होते. तलावाची पातळी रोज जेवढी असेल तेवढी लिहायची ही त्यांची नोकरी, आणि साहेब बदलला म्हणून पातळी बदलत नाही हा त्यांचा धर्म. "पाखरू जसं आहे तसं," असं म्हणून ते आपली सीडी जशीच्या तशी नेऊन देत आणि ती जशीच्या तशी नाकारली जाई. कटरे सर निवृत्त चित्रकला शिक्षक, मनाचे सरळ. ते दरवर्षी खेदाने म्हणत, "रामटेके, रचना उत्तम. नजर उत्तम. पण पिवळं हो, फार पिवळं." यादोरावांनी एकदाच मॉनिटरकडे बोट दाखवलं होतं. तेव्हा सेठजी म्हणाले होते, "सबका बराबर दिखता है, तुम्हारा ही पीला क्यों?" यावर तर्काने देता येईल असं उत्तर नव्हतं.

"मंग यंदाच काऊन?" कलाबाईंनी विचारलं.

"तुलसीरामभाऊ."

कलाबाईंनी सूप खाली ठेवलं. "हौ. तेबी आहे म्हणा."

कोसमटोल्याच्या तुलसीराम रहांगडालेंच्या बांधीत जुलैमध्ये सारसाच्या जोडीने घरटं केलं होतं. रोवणा नुकताच आटोपला होता. सारस घरटं करतात ते आजूबाजूचं धान उपटून, त्याचाच ढीग रचून. म्हणजे ज्याने चिखलात वाकून धान रोवलं, त्याच्याच डोळ्यांसमोर त्याची गादी होते. तुलसीराम काठी घेऊन निघाले तेव्हा यादोराव नेमके त्याच बांधीच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, कॅमेरा घेऊन बसले होते. ते आडवे आले.

"बाबू, बाजूले व्हा. दोन अंडे आहेत, उचलून फेकतो."

"भाऊ, राहू द्या. जिल्ह्यात किती सारस उरले आहेत, ठाऊक आहे?"

"मायं धान किती उरलं ते पाय ना पयले."

यादोरावांनी कायदा सांगितला. तुलसीरामांनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग यादोरावांनी सारसाच्या जोडीचं प्रेम सांगितलं. एक मेला तर दुसरा अन्नाला शिवत नाही म्हणतात. "आमच्याकडं उलटं आहे," तुलसीराम म्हणाले, "म्या मेलो का गिरजाले चार घास जास्त जातीन." ऊन चढलं. शेवटी दमून यादोरावांच्या तोंडून निघून गेलं, "कॅलेंडरवर येतील, भाऊ. तुमच्या बांधीतले म्हणून. गावोगाव भिंतीवर लागतील."

काठी खाली टेकली.

"गावाचं नाव यीन?"

"येईल."

"मायं?"

"तुमचंही घालायला लावतो. शब्द देतो."

त्या दिवसापासून तुलसीराम सारसांचे चौकीदार झाले. त्या बांधीत त्यांनी निंदणाला बाया घातल्या नाहीत, कुत्री हाकलली, गुराख्यांशी भांडणं ओढवून घेतली. अंड्यांतून एक पिल्लू निघालं, वाढलं, आईबापांच्या मागे फिरू लागलं. बांधीतलं निम्मं धान गेलं. शेजारच्या बांधीचा सेवकराम रोज धुऱ्यावरून ओरडे, "का गा तुलसीराम, यंदा सारस पिकवून राहिला म्हणते. बाजारात काय भाव आहे सारसाचा?" पारावर हसणं व्हायचं. तुलसीरामांचं एकच उत्तर होतं.

"कॅलेंडर यिऊ दे."

तर यादोरावांनी यंदा नीळ दिली. नवशिका माणूस सगळ्याच गोष्टी अंमळ जास्त करतो, तशी जरा जास्तच दिली. सीडी तयार झाल्यावर कलाबाई पुन्हा पडद्याकडे वाकून पाहत म्हणाल्या, "पाखरू जसं आहे तसं, म्हणत होते ना तुमी?"

"पाखरू तसंच आहे वो. पडदा तसा नाही."

---

निवडीच्या दिवशी यादोराव मिलचा जिना चढून माडीवर आले आणि गॅलरीत थबकले. मंडळाला कबुतरांचा फार त्रास होता. कठड्यावर बसून ती खोली घाण करत, म्हणून त्यांना घाबरवायला छताला दोऱ्यांनी सीड्या टांगलेल्या होत्या. वाऱ्यावर त्या गरगरत होत्या, उन्हात चमकत होत्या. एक फिरता फिरता त्यांच्यासमोर थांबली. तिच्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: यादोराव रामटेके, नवेगाव बांध. दुसरीवरही तेच. नाकारलेल्या सीड्या परत मिळणार नाहीत, असा मंडळाचा नियम होता. त्यांचं पुढे काय होतं हे विचारायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. पक्षीमित्र मंडळात आपल्या छायाचित्रांचा काही उपयोग होतो आहे हे पाहून ते आत गेले.

आत गेले आणि पाहतात तो जुना मॉनिटर जागेवर नव्हता. टेबलावर नवा मॉनिटर होता. सपाट, पाटीएवढा पातळ, झेंडूचा हार घातलेला, कपाळावर कुंकू.

"आइए रामटेकेजी, आइए!" छोटेलाल सेठ खुर्चीतून अर्धे उठले. "नागपूर से मंगवाया. देखा, पेट ही नहीं इसको!"

कटरे सर कौतुकाने पडद्याला बोट लावून पाहत होते. संगणकापाशी भूमेश्वरी बिसेन बसली होती. गणेशनगरात तिचा कॉम्प्युटर क्लास होता आणि मंडळाचं यंत्र तीच चालवी. यादोराव काही बोलणार एवढ्यात तिने पहिली सीडी घातली.

लोकेंद्र टेंभरेचा बगळा उमटला. रेशनच्या रॉकेलात बुडवून काढल्यासारखा निळा.

कटरे सरांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, घातला.

"धुकं असेल," ते म्हणाले. "पुढचा लावा."

पुढचा कोतवाल होता. काळ्या पक्ष्यात निळा खपून गेला. त्याच्या पुढची मैना मात्र बुडून मेल्यासारखी दिसत होती. मग पोपट. मग पुन्हा बगळा.

"इस साल ठंड ज्यादा थी क्या?" सेठजींनी विचारलं.

वरून बिरशीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घरघरत गेलं. तेवढ्यापुरतं सगळ्यांनी छताकडे पाहून घेतलं.

"सेठजी," भूमेश्वरी चाचरत म्हणाली, "कदाचित मॉनिटरचं…"

"नया है. गलत कैसे होगा?"

भूमेश्वरी हुशार होती. तिने वाद घातला नाही. तिने मागच्या वर्षीच्या सत्काराचा फोटो उघडला: पांढऱ्या कुर्त्यातले सेठजी शाल घेताना. जुन्या पडद्यावर हाच फोटो कितीदा दाखवला गेला होता. त्यात सेठजींचा चेहरा असा काही मरगळलेला दिसे की पाहुणे तब्येतीची चौकशी करत, आणि सूनबाईंनी तर वर्षभर त्यांना काविळीचा काढा पाजला होता. नव्या पडद्यावर कुर्ता दुधासारखा होता. चेहऱ्यावर तुकतुकी होती, गालांवर लाली होती.

सेठजी पुढे वाकले. बराच वेळ पाहत राहिले.

"ये मैं हूं?"

"तुम्हीच सेठजी."

"मॉनिटर," सेठजी मागे टेकत म्हणाले, "बिलकुल सही है."

एका क्षणात सहा वर्षांचा निकाल लागला. खोलीतल्या प्रत्येकाला काय घडलं होतं ते कळलं, आणि ते मोठ्याने बोलून दाखवायची घाई कुणालाच नव्हती. भूमेश्वरीने पुढची सीडी घातली. ती यादोरावांची होती.

आतापर्यंतचे सगळे निळे या निळ्यासमोर फिके होते.

कटरे सर हळूच वळले. "रामटेके? हे तुमचं?"

"हो सर."

सरांनी आणखी काही विचारलं नाही, हेच यादोरावांना जड गेलं.

सेठजी व्यवहाराकडे वळले. सीडी दुपारच्या गाडीने रायपूरला जायची होती; छापखान्याने यंत्र मोकळं ठेवलं होतं, उद्या ते दुसऱ्याला मिळालं असतं. गावोगावचे लोक मूळ फोटो घेऊन परत येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. "तो फिर ऐसा करते हैं," सेठजी म्हणाले, "इस साल लक्ष्मीजी छाप देते हैं. नीचे मिल का नाम. बारा महीने एक ही लक्ष्मीजी. पंछी अगले साल."

यादोरावांच्या डोळ्यांपुढे कोसमटोल्याचा पार आला.

कटरे सर उठले. ते गॅलरीत गेले, स्टूल ओढलं आणि साठी उलटलेला तो माणूस कुणाचा हात न धरता स्टुलावर चढला. गरगरणाऱ्या सीड्यांची नावं वाचत वाचत त्यांनी यादोरावांच्या तेवढ्या दोरे तोडून खाली घेतल्या. लागलीच दोन कबुतरं कठड्यावर येऊन बसली. सरांनी एकेक सीडी उपरण्याने पुसून भूमेश्वरीच्या हातात दिली. दोन उन्हापावसाने आंधळ्या झाल्या होत्या. बाकीच्या चालल्या.

हळद्या आला. त्याचा पिवळा त्याचाच होता. नीलपंख उडाला, पंखाखालची निळाई मोराच्या गळ्यासारखी. खंड्याच्या पोटाखालचा विटकरी, हरियालाच्या खांद्यावरची राख, जाकानाच्या शेपटीवरचं ऊन. भूमेश्वरी मधूनच श्वास घ्यायची, तेवढाच आवाज.

"हे मी पिवळं म्हणून टाकलं होतं," कटरे सर म्हणाले.

"सर, मॉनिटर जुना होता."

"डोळे माझे होते ना."

यादोराव दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसले होते. आपल्याला आनंद होईल म्हणून ते सहा वर्षं तयारीत होते, आणि तो आता झाला तेव्हा त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी खिशातून रुमाल काढला, कोरड्या कपाळावरून फिरवला आणि पुन्हा घडी करून ठेवला.

"बारा के बारा रामटेकेजी के?" सेठजींनी विचारलं.

"दुसऱ्या कुणाचे आहेत का?" सर म्हणाले.

सप्टेंबरच्या पानासाठी सरांनी एक जुना सारस काढला. मोठ्या तलावाच्या काठी, कोवळ्या उन्हात, पंख पसरलेला. मानेचा लाल असा की पडद्याला हात लावावा तर बोटाला लागेल. "हा कॅलेंडरचा राजा," ते म्हणाले. "लिहून घे गं भूमेश्वरी."

"सर," यादोराव म्हणाले, "हा नको. यंदाचा घ्या."

"निळा?"

"निळा."

त्यांनी तुलसीरामांची गोष्ट सांगितली. काठीसकट, निम्म्या धानासकट. भूमेश्वरीने लगेच निळा रंग काढून पाहिला. पाखरं जरा ताळ्यावर आली, पण मानेचा लाल गंजला आणि हिरवी बांधी वणवा लागून गेल्यासारखी दिसू लागली. तिने पुन्हा करून पाहिलं, पुन्हा सोडून दिलं. मूळ फोटो नवेगाव बांधला घरच्या कॉम्प्युटरवर होता. एसटीने जाऊन येईपर्यंत रायपूरची गाडी डोंगरगडच्याही पुढे गेली असती.

"अरे, सारस सारस में क्या फर्क है?" सेठजी म्हणाले. "दोनों की टांगें लंबी. ये बढ़ियावाला लगाओ, नीचे तुलसीराम का नाम लिखो. कौन पहचानेगा?"

यादोरावांना मोह झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. पडद्यावरच्या त्या लाल मानेकडे ते पाहत राहिले. त्यांनी काढलेल्या फोटोंत तो सगळ्यांत चांगला होता आणि हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"गाव ओळखेल सेठजी," ते म्हणाले. "मागे तलाव आहे. कोसमटोल्यात लहानशी बोडीसुद्धा नाही."

कटरे सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "खाली नाव तुमचं असणार, रामटेके. अकरा महिने लोक वाहवा करतील आणि सप्टेंबर आला की म्हणतील, या माणसाला रंगच कळत नाही. विचार करा."

"म्हणू द्या सर," यादोराव म्हणाले. "पण तुलसीरामभाऊंचं नाव जरा मोठ्या अक्षरात घ्या."

---

संक्रांतीनंतर यादोराव कोसमटोल्याला गेले. कॅलेंडर त्यांच्या आधीच पोचलं होतं. तुलसीरामांच्या ओसरीत, दारातून येणाऱ्याची नजर पहिल्यांदा पडेल अशा जागी ते टांगलेलं होतं, आणि वर सप्टेंबर महिना होता. त्याच्या आधीची आठ पानं मागे मुडपून सुतळीने बांधून टाकली होती.

"पाय ना भाऊजी," गिरजाबाई चहा देता देता म्हणाल्या, "लोकायचे तीळगूळ वाटून झाले, या घरात अजून पितरपाटाच चालून राहिला. एकादस कोणती ते शेजारी जाऊन पुसा लागते."

"बाकीचे महिने पाहून का करता?" तुलसीराम म्हणाले. ते नवा सदरा घालून बसले होते.

फोटोखाली लिहिलं होतं: सारस जोडी, तुलसीराम रहांगडाले यांची बांधी, कोसमटोला. त्याच्याखाली बारीक अक्षरात यादोरावांचं नाव. आणि वर ते दोघं. मध्ये पिल्लू. दौतीतल्या पाण्यात उभे, निळे, थंड, एखाद्या निराळ्याच मुलखातले. यादोरावांनी एकदा पाहिलं आणि बशीत चहा ओतून घेतला.

तेवढ्यात दारात सेवकराम उभा राहिला. त्याच्या हातात ग्रामपंचायतीतलं कॅलेंडर होतं, गुंडाळी केलेलं. तो आत आला नाही. चौकटीला टेकून त्याने ते उलगडलं.

"बाबू आले म्हणून आलो," तो म्हणाला. "म्या पुरं पाह्यलं. अकराच्या अकरा पाखरं बराबर आहेत. हे खंड्या पाय, जिवंत आहे का नाही? आन यायचेच सारस काऊन निळे? फोटो बिघडला का बाबू?"

"बिघडला नाही," तुलसीराम म्हणाले. "तसेच आहेत ते."

"सारस राखडी असते. म्या का आंधळा आहो?"

"तू धुऱ्यावरून पाह्यला, बोंबलता बोंबलता. म्या चार महिने जवळून पाह्यला. तसेच आहेत." हे बोलताना तुलसीरामांनी यादोरावांकडे पाहिलं नाही. ते गुडघ्यावरची सदऱ्याची घडी सारखी करत होते. "ऊन पडलं का निळे दिसतेत."

"चाल, आता बाबूच सांगतीन. बाबू, तुमी सरकारी माणूस. खरं सांगजा."

गिरजाबाई चहाचं भांडं हातात घेऊन उभ्याच राहिल्या. तलावाची पातळी ज्याने कुणाच्या सांगण्यावरून बोटभर वर-खाली लिहिली नाही, त्या माणसाने बशी जमिनीवर ठेवली, कॅलेंडरकडे मान वळवली आणि नीट, सावकाश पाहिलं.

"निळेच आहेत," यादोराव म्हणाले. "या बांधीतले निळेच."

तुलसीरामांची बोटं घडीवर थांबली.

सेवकरामने चप्पल बाहेर काढली, आत आला आणि भिंतीपाशी जाऊन फोटोला नाक लागेल इतका जवळ वाकला. सारस सोडून त्याची नजर कोपऱ्याकडे सरकत गेली. तिथे त्याने बोट ठेवलं.

"हे मायावाला धुरा ना?"

"हो," यादोराव म्हणाले.

"आन हे बाभूळ. मायीच आहे हे."

"तुझीच," तुलसीराम म्हणाले.

बाभूळही निळी होती, पानापानाने निळी. सेवकरामने बोट बराच वेळ काढलं नाही.

"पुढच्या साली तिकडून काढून पायजा," तो म्हणाला. "मायाकडून बांधी मोठी दिसते." आणि मग गिरजाबाईंकडे न पाहताच, "वैनी, च्या उरला का?" असं म्हणत तो तुलसीरामांच्या शेजारी बसला.